हॉल्टचा कैवारी

“तिकीट काढल्याबिगर गाडीत पाय टाकला, तर तंगडं मोडीन एकेकाचं!”

सोलापूरजवळच्या त्या हॉल्टवर फेटेवाला म्हातारा असा ओरडला, की पॅसेंजर गाडी घाबरून पाच मिनिटं आधीच आली. त्या गावच्या शाळेत मी शिकवायचो. परतीची गाडी पकडायला गेलो, की हा रोज तिकीटखिडकीशी उभा. एक हात कमरेवर, दुसरा कुणाच्या तरी मानगुटीवर. रेल्वेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

“गुर्जी, तिकिटं खपत्यात तशी स्टेशनाची प्रत ठरती,” तो मला समजावायचा. “सोलापूर लई वरच्या वर्गात हाय. आपला हॉल्ट पार तळाला. आनी खपली न्हाईत तर गाडी हितं थांबायचीच न्हाय की!”

म्हणून त्यानं टेंपोनं निघालेलं अख्खं वऱ्हाड हॉल्टवर वळवून साठ तिकिटं काढायला लावली. नवरदेवाचं तिकीट मुंडावळ्यांत खोचलं. मग मागच्या टेंपोतल्या म्हशीसाठी अर्धं तिकीट मागितलं. मी तिथंच होतो, खोटं कशाला सांगू!

थांबा कायम राहिल्याची बातमी आली, त्या दिवशी सगळा फलाट पेढे खात नाचला. मी हौसेनं त्याचं सोलापूरचं तिकीट काढलं. त्यानं ते कपाळाला लावून खिशात घातलं आणि तिथंच उभा राहिला.

“आजोबा, चढा की! गाडी सुटतीय.”

“न्हाय गुर्जी. रेल्वेत बसलं की मला उलटी हुती.”