झबल्यातला कच्चा टाका

मंडळी, वहिनीवर संशय घेणं मला शोभत नाही. तरीही आज दुपारी न कळवताच सिडकोत दादाकडे गेले.

आईच्या जुन्या सुती साडीचं मी शिवलेलं झबलं चिमुकल्या भाचीच्या अंगात मला दर भेटीत दिसतं, तेही अगदी कोरं.

आज मात्र तिच्या अंगात विकतचा फ्रॉक होता. “झबलं आत्ताच धुवायला टाकलं गं,” वहिनी म्हणाली.

दुपटं घ्यायला मी कपाट उघडलं, तर झबलं घडी घालून ठेवलेलं. एका धुण्यात निघून जाईल असा माझा कच्चा टाकाही शाबूत होता.

वहिनी ओशाळली. “खराब होईल ना, म्हणून तू आलीस की घालते.”

शाळेत बक्षीस मिळालेलं पेन मीही शाई वाळेपर्यंत असंच जपलं होतं. तरीही तिचं म्हणणं मनाला पटत नाही. महिन्याभरात भाची त्या झबल्यात मावणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता, तर पुढच्या मापाचं शिवलं असतं का?