डेल्मरची फळी

ऑरिन लिंडालच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा उरली नव्हती, त्याला पाच वर्षं झाली. ती जागा यंत्राने बळकावली होती. संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारा हा सीएनसी राउटर ऑरिनने सुटे भाग मागवून स्वतः जोडलेला. आणि या राउटरने आजवर सर्वात जास्त काय कोरलं असेल, तर स्वतःचेच भाग. मोटर बसवायच्या पट्ट्या, वायरी धरायचे चिमटे, भुसा ओढणाऱ्या नळीचं तोंड.

"नुसतं नटणं चाललंय त्याचं. घराबाहेर पडायचं नावच नाही," त्याची बायको मार्लिस म्हणायची.

ऑक्टोबरात शेजारचा डेल्मर आला. तो आणि ऑरिन कागद गिरणीत बरोबर होते आणि एकतीस वर्षं दर मंगळवारी क्रिबेज खेळत होते. हातात पत्ते, आणि गुण मोजायला भोकं पाडलेली लाकडी फळी. गुण मिळतील तशी खुंटी पुढच्या भोकात सरकवायची, एकशे एकवीस गुणांना डाव. डेल्मरच्या नजरेच्या मधोमध डाग धरला होता आणि तो पसरत चालला होता.

"जरा मोठ्या भोकांची फळी करून दे. बोटांनी चाचपता येईल अशी," तो म्हणाला.

"पंधरा दिवसांत देतो," ऑरिन म्हणाला, आणि त्याच दुपारी त्याने यंत्र खोलायला घेतलं.

पावलापावलाने फिरणाऱ्या जुन्या मोटरी जोर पडला की कधीमधी एखादं पाऊल चुकायच्या. भोक केसभर सरकलं तर डोळ्यांना कळत नाही, पण बोटांना कळेल, असं त्याचं म्हणणं. खरं तर हळूहळू चालवलं असतं, तर जुन्या मोटरींनी ती फळी एका सकाळात झाली असती. पण या छंदाच्या माणसांना कामाआधी यंत्र सुधारायचं असतं. त्यांना कुणी सांगायला जाऊ नये.

नव्या, ताकदवान मोटरी बसल्या. पण त्यांची पावलं वेगळी पडतात हे संगणकाला सांगायचं राहिलं, त्यामुळे पहिल्याच फेरीत सगळं दुप्पट अंतरावर गेलं आणि पातं लाकूड धरणाऱ्या शिकंज्यावर आपटून तुटलं. ते निस्तरेपर्यंत डिसेंबर उजाडला. मग स्पिंडलचा, म्हणजे पातं गरगर फिरवणाऱ्या भागाचा, वेग हाताने बटण फिरवून ठरवणं त्याला गावठी वाटायला लागलं. संगणकाने वेग बदलणारा नवा स्पिंडल आला, त्याला वीज पुरवणारी पेटी आली. जानेवारीत सगळं जोडलं, आणि यंत्र मध्येच थांबायला लागलं. पातं फार कडेला गेलं तर यंत्र थांबवणाऱ्या स्विचला काही लागलंय, असं पडद्यावर यायचं. लागलेलं काहीच नसायचं. कधी सतराव्या भोकाला थांबायचं, कधी साठाव्या, एकदा चौथ्याच. मेपलच्या लाकडाच्या पाच फळ्या शेगडीत गेल्या.

"ड्रिल भिंतीला टांगलंय," मार्लिस म्हणाली.

"हाताने एकशे एकवीस भोकं सरळ येत नाहीत."

"त्याला सरळ नकोत रे, लवकर हवीत."

याच छंदातल्या कुणीतरी इंटरनेटवर विचारलं, स्पिंडलची वायर आणि स्विचची वायर एकत्र बांधलीस का? वेगळ्या कर, एकीचा गोंधळ दुसरीत उतरतो. ऑरिनला ते झोंबलं. गिरणीत तीस वर्षं वायरमन होता तो. त्याने बांधलेल्या वायरींच्या मोळ्या इतक्या नीटस असायच्या की साहेब पाहुण्यांना दाखवायला आणायचे. मोळी सोडून त्याने बाकी सगळं बदललं: स्विच, पेटी, संगणकसुद्धा. त्यात सहा आठवडे गेले. डेल्मर आधी दर मंगळवारी विचारायचा, "झाली का?" मग त्याने विचारणं सोडलं. मग सर्दी झालीय, बर्फ फार आहे, असं सांगून दोन-तीन मंगळवार तो आलाच नाही.

मार्चमध्ये एके सकाळी ऑरिनने वैतागून सगळ्या गाठी कापल्या. वायरी वेड्यावाकड्या लोंबू दिल्या. यंत्राने एकशे एकवीस भोकं एका दमात पाडली. ऑरिनला आनंद झाला नाही. त्याने पक्कड भिंतीवर फेकून मारली.

मंगळवारी तो फळी घेऊन गेला. डेल्मरने बोटं फिरवली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एकही चुकलेलं नाही," तो म्हणाला.

ऑरिनने सहा-सहा पत्ते वाटले. डेल्मरने आपले उचलले, खिडकीकडे धरले, मान तिरकी केली, दुसऱ्या बाजूने तिरकी केली. मग त्याने ते टेबलावर उघडेच ठेवले.

"नोव्हेंबरात दिसत होते रे," तो म्हणाला. "काय आलंय मला?"

"दोन सत्त्या, दोन अठ्ठ्या, राणी, दुर्री."

"म्हणजे चांगला हात आहे."

"खूप चांगला आहे."

"मग दोघांचं तूच खेळ. खुंट्या मी सरकवतो," डेल्मर म्हणाला आणि त्याने फळी जवळ ओढली. "फळी छान झालीय, ऑरिन. अगदी छान."

त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर ऑरिनला बरं वाटलं असतं.