आईंना न सांगितलेले सहा सेकंद

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय ते काही दुःखाच्या भरात नाही, आमचं छान चाललंय. इथे परदेशात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि मी सकाळी कॉफी घेत बसतो, त्या मला अर्धं बिस्किट मोडून देतात — आणि नेमकं तेव्हाच हे आठवतं.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. पेशीतले निरोप वाहून नेणारा आरएनए ज्या चार घटकांचा बनतो, त्यातला एक म्हणजे अ‍ॅडेनोसिन. पांढरी पावडर. आमच्या कंपनीत ती माझ्या विभागात तयार होते. तेच अ‍ॅडेनोसिन दिवसभर आपल्या मेंदूत साचतं आणि झोप आणतं. कॉफी त्याची जागा अडवून बसते, म्हणून तर तरतरी येते. हृदयाला ते सावकाश चालायला लावतं. हे सगळं मी भेटेल त्याला कौतुकाने सांगते. सासूबाईंनाही सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी त्या पुण्यातल्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "दिवसभर पावडरी ढवळते गं. त्याला एवढं शिकावं लागतं?" मी मागेच उभी होते. लागलं मला — फार लागलं.

दुपारी त्यांच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, थांबेचना. नवरा कामावर, जुरोंग आयलंडवरच्या रसायन कारखान्यात; तिथे फोन गेटवरच जमा करावा लागतो. मीच त्यांना इमर्जन्सीत नेलं. डॉक्टरांनी औषधाचं नाव घेतलं आणि मी चमकले. माझीच पावडर, कुपीत विरघळलेली. हृदय क्षणभर थांबेल, मग ठेक्यावर येईल. "आन्टीला नीट सांगा," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "पाच-सहा सेकंद आपण आता जातो असं वाटेल. आधी माहीत असलं की बरं." सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी काय सांगितलं? "काही नाही आई, नुसती सुई टोचेल."

त्या घाबरू नयेत म्हणून? असं मी स्वतःला बरेच दिवस ऐकवलं. खोटं आहे ते. माझ्या मनात अगदी स्वच्छ आलं होतं — कळू दे जरा, पावडर काय असते ते.

मॉनिटरवरची रेषा सपाट झाली. त्यांनी माझं मनगट पकडलं. डोळे विस्फारलेले, ओठ हलत होते, आवाज नाही. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना — आई, हे जाईल, आत्ता जाईल? मी रेषेकडे बघत मनात आकडे मोजत राहिले. सहाला ठोके परत आले.

तेव्हापासून त्या बदलल्या. "मी वरून परत आले ती सुनेमुळे, तिने हात सोडला नाही," असं त्या सगळ्यांना सांगतात. बहिणीलाही सांगितलं. हात त्यांनी धरला होता, मी नाही. मी ते दुरुस्त केलं नाही. त्यांची माया मला हवीशी झाली, मी ती घेतली, आणि मी सुखात आहे — हेही खरंच.

परवा त्यांनी विचारलं, ते औषध कुठलं होतं गं? मी म्हटलं, आमचीच पावडर. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे तूच वाचवलंस मला," म्हणाल्या, आणि कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला.

मी तो घेतला, आणि सगळी कॉफी प्यायले.