चंपतरावांची साडेतीन मिनिटं

मे महिन्याच्या उन्हात कॅम्पावरच्या तिन्ही रेकॉर्डी वाकल्या आणि चंपतराव येळणे बोलू लागले.

आवाज त्यांना होताच. दुर्ग लाइनीवर पंधरा वर्षं ते काटेवाले होते, काटे ओढून गाड्यांचे रूळ बदलणारे. उभ्या मालगाडीच्या पार टोकाला असलेल्या गार्डापर्यंत त्यांची हाक पोचायची. मग ट्रॉलीवरून पडून गुडघा गेला. काटे ओढणं सुटलं, आवाज तेवढा राहिला. भिलाईला तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. कालपर्यंत धान होतं तिथे आता खड्डे होते, मुरमाचे ढीग होते आणि दहा भाषा बोलणारी माणसं होती. मजुरांच्या कॅम्पात एका खांबावर कर्णा बसवला होता आणि खाली टिनाच्या खोलीत त्याचं मशीन. त्या खोलीची चावी चंपतरावांकडे आली. दुपारच्या सुट्टीत गाणी लावायची, हरवलेल्या माणसांची नावं पुकारायची, आणि कारखान्याच्या पायाच्या खड्ड्यात सुरुंग उडणार असला की सगळ्यांना बाहेर काढायचं, एवढं काम.

रेकॉर्डची एक बाजू साडेतीन मिनिटं चालायची. रेकॉर्डी वाकल्या तेव्हा तेवढीच शांतता शिल्लक उरली. रेल्वेच्या माणसाला शांतता सोसत नाही. लाइनीवर फार शांत असलं की त्याला वाटतं, कुठेतरी काहीतरी अडलंय. चंपतरावांनी बटन दाबलं आणि आपल्या नागपुरी हिंदीत सांगितलं, की गाणं वाकडं का झालं, उन्हानं रेकॉर्डीतली लाख कशी नरम पडते. मग विचारलं, माणूस नरम पडतो तो कशानं?

खाली भाकरी खाणारे हात क्षणभर थांबले. दुसऱ्या दिवशी लोकांनी गाणं मागितलंच नाही.

मग रोज एक विषय. दिवा लावला की अंधार जातो कुठे? जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला स्वप्नात काय दिसतं? इथली माती खणून तिकडे टाकली, तर ती अजून इथलीच का? पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू गवंडी, घमेली वाहणाऱ्या छत्तीसगढी रेजा, सगळे कर्ण्याकडे तोंड करून जेवत. कर्ण्याकडे पाहून काही दिसत नाही, तरी माणसं तिकडेच पाहतात. शेवटी चंपतरावांचं एक वाक्य ठरलेलं: “मैं बोलता हूँ इसलिए मत मानो. जाँच लो.”

“घरी साडेतीन शब्द बोलत नाही, आन् तिथं साडेतीन मिनिटं!” त्यांची बायको राधाबाई शेजारणींना सांगायची. “मीच जाऊन बसतो आता खांबाखाली. तेवढाच नवरा कानावर पडन.”

चंपतराव हसायचे. पण त्या साडेतीन मिनिटांसाठी ते सकाळपासून तयारी करत, दाढी करताना आरशाशी बोलून पाहत. गुडघा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपण कुठेतरी पोचतोय असं वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला त्यांनी रुळांवर भाषण दिलं. उन्हानं लोखंड वाढतं, हे त्यांनी सांगितलं. एक रूळ केसभर वाढतो, पण हावड्यापासून मुंबईपर्यंत किती रूळ? सगळी वाढ जोडली तर अर्ध्या मैलाच्या वर जाते. “म्हणजे उन्हाळ्यात मुंबई हावड्यापासून अर्धा मैल दूर सरकते,” ते म्हणाले. कॅम्पात कल्लोळ झाला. दोन गवंडी स्टेशनावर जाऊन विचारून आले, मे महिन्यात दुर्गचं तिकीट महाग का नाही. तिकीटबाबूनं त्यांना हाकललं.

तिसऱ्या दिवशी पंचफुला टिनाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती भंडाऱ्याकडची, रेल्वेचे रूळ राखणाऱ्या गँगमनची मुलगी. इथे डोक्यावर मुरमाचं घमेलं वाहायची.

“चंपतभाऊ, एक इचारू का जी?”

“इचार न.”

“उन्हाळ्यात दुर्ग दूर जाते, तं दुर्गचं स्टेशन मागं सरकते का?”

“स्टेशन कावून सरकन? ते तं जागेवरच—” चंपतराव थांबले.

“माहा बाप गँगमधी होता. दोन रुळांच्या मधात फट ठेवते न? थंडीत त्या फटीत ढब्बू पैसा जाये. उन्हाळ्यात नाही जाये. मी सोता टाकून पाहिला हाये. मंग वाढलेला रूळ जाते कुठं? फटीतच जाते न जी?”

चंपतराव खुर्चीत बसले. पंधरा वर्षं ज्या फटींची खटखट ऐकत ते झोपले, ती फटच ते विसरले होते. बेरजेच्या आनंदात.

“बाप्पा,” ते एवढंच म्हणाले.

“राग आला का जी?”

“नाही वं. तू तपासलं. मी नाही तपासलं.”

उद्या कर्ण्यावरून चूक सांगायची, हे त्यांनी तिथेच ठरवलं, आणि कॅम्पाचे अधिकारी आनंदराव साहेबांच्या कानावर घालायला गेले. आनंदराव रायपूरच्या जुन्या मराठी घरातले. माणूस वाईट नव्हता. पण सुरुंगाचा दिवस त्यांना ताप आल्यासारखा जायचा.

“अजिबात नाही,” ते म्हणाले. “रुळांचं राहू द्या हो, कोणाला फरक पडतो? पण कर्णा चुकतो, हे एकदा लोकांना कळलं ना, तर उद्या सुरुंगाची सूचना कोण मानेल? म्हणतील, हा भोंगा परवाही चुकला होता. एक जरी माणूस खड्ड्यात बसून राहिला तर?”

“अन् चूक तशीच ठेवली तं?”

“तर काही होत नाही. मुंबई अर्धा मैल दूर राहील.” आनंदराव हसले, मग थांबले. “सांगायचंच असेल तर सांगा. पण मग चावी माझ्या टेबलावर ठेवा.”

त्या संध्याकाळी राधाबाईनं दोनदा विचारलं, भाजीत मीठ जास्त झालं का. मग तिला चावीचं कळलं.

“चावी गेली तं काय कराल?”

“घरी बसीन.”

“बोलान का तं घरी?”

“नाही.”

“मंग जा बाप्पा, सांगून या. तसेही गप्प, असेही गप्प.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपतरावांनी बटन दाबलं. सगळी चूक सांगितली, फट कशी विसरलो तेही सांगितलं. मग म्हणाले, ही चूक मला पंचफुलानं दाखवली, ती काय म्हणते ऐका. पंचफुलानं माइककडे मुरमाच्या ढिगाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि एका दमात ढब्बू पैशाची गोष्ट सांगून टाकली. बाहेर हशा झाला, टाळ्या पडल्या. एक पंजाबी ड्रायव्हर ओरडला, “ओए, बंबई वापस आ गई!”

चंपतराव लंगडत गेले आणि चावी टेबलावर ठेवली. आनंदरावांनी ती खिशात टाकली.

तीन वाजता सुरुंग होता. अडीचला आनंदराव स्वतः माइकवर बसले आणि शुद्ध, करड्या हिंदीत सूचना दिली. खड्ड्यातून काही माणसं निघाली. बरीच उभीच राहिली. आनंदरावांनी पुन्हा सांगितलं. खालून पंचफुलाचा आवाज आला, “हे कोन बोलून राहिलं? चंपतभाऊ कुठं गेले?” मग दुसरा कोणीतरी: “साहब, जाँच लिया क्या?” मग पन्नास जण तेच विचारू लागले. चेष्टा होती, आणि नव्हतीही.

आनंदराव घामानं भिजले. चंपतराव बाहेर लिंबाखाली बसले होते.

“चंपतराव, ऐकताय ना? सांगा त्यांना!”

“काय सांगू? मले कुठं माहीत हाये साहेब.” ते उठले. “थांबा जरा.”

तो गुडघा घेऊन ते खड्ड्याच्या काठापर्यंत गेले. लाल झेंडा धरून उभ्या असलेल्या सुरुंगवाल्याला वेळ विचारली, वाती मोजल्या, त्याचं घड्याळ पाहिलं. परत यायला त्यांना सहा मिनिटं लागली. आनंदरावांना ती फार लांब वाटली असणार. मग चंपतराव माइकपाशी वाकले.

“जाँच के आया हूँ. तीन बजे. ग्यारा सुरंग. निकलो.”

पाच मिनिटांत खड्डा रिकामा झाला. चिलीम संपेपर्यंत दर वेळी मागे रेंगाळणारे दोघे-तिघेही निघाले. तीन वाजता अकरा आवाज झाले, आणि लोकांनी ते मोजले.

संध्याकाळी आनंदरावांनी चावी टिनाच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली.

“आता दर वेळी खड्ड्यापर्यंत चालत जावं लागेल तुम्हाला,” ते म्हणाले.

“जाईन न जी.”

“आणि ती ढब्बू पैशावाली बाई?”

“तिले मुंग्यांवर बोलाचं हाये म्हणे.”

तेव्हापासून त्या कॅम्पात सूचना झाली की खालून कोणीतरी ओरडायचंच, “जाँच लिया?” आणि वरून उत्तर यायचं, “जाँच लिया!” मगच माणसं हलायची. पुढे कर्ण्याच्या जागी सायरन आला. सायरनला काही विचारता येत नाही.

पण त्याआधी, त्या उन्हाळ्यानंतरच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, कॅम्पातले चाळीसेक लोक पंचफुलाच्या मागे स्टेशनाजवळच्या साइडिंगवर, डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांवर आले. गारठा होता. मागून चंपतराव आणि डबा घेतलेल्या राधाबाई. स्टेशनमास्तर धावत आला, “क्या चल रहा है ये?”

“कुछ नहीं साहब,” चंपतराव म्हणाले, “जाँच रहे हैं.”

पंचफुला रुळाशी उकिडवी बसली. पदराची गाठ सोडली, ढब्बू पैसा काढला आणि फटीवर उभा धरला. चाळीस माणसं वाकली. स्टेशनमास्तरही वाकला.

पैसा आत गेला.