चित्राचे डोळे आणि माझं गाऱ्हाणं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या सगळ्या वालावल गावाला ठाऊक आहे, मग तुम्हीच का मागे राहावं! मी एका वैमानिकासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं.

वैमानिक म्हणजे माझी पुतणी चित्रा. विमान चालवायच्या परीक्षेत एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर नोकरी गेली. शांतपणे अभ्यास करायला आमच्याकडे आली, पण पोर हसायचंच विसरली होती हो. मला बघवत नव्हतं.

पहिल्या सकाळी खळ्यात भात वाळत घालत होतो. सहज खिडकीतून पाहिलं, तर ही खुर्चीत ताठ बसलेली. ओठ पुटपुटतायत आणि डोळे? मध्ये, डावीकडे, परत मध्ये, उजवीकडे. मग एकदम वर, थेट माझ्याकडे. मी हसलो. ओळखच नाही! डोळे पुन्हा खाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लाल टोपी घालून उभा राहिलो. तरी तेच.

बायकोला म्हटलं, "गो, आपल्या चेडवाक, चित्राक, कायतरी लागलाहा."

"परीक्षेचो घोर आसतलो. तेकाच इचारा मगे."

विचारायचं? असल्या भुताबाधेच्या गोष्टी विचारून कोण सांगतं? मी तडक गावकरांकडे गेलो. गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांचा. परत येईपर्यंत मागे दहा-बारा माणसं जमली. अशा कामाला आमच्याकडे आमंत्रण लागत नाही.

खिडकीबाहेर नारळ ठेवून गावकरांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचे भिरभिरते डोळे एका जाग्यार थंड कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

खिडकीत चित्रा उगवली. "काका, ह्या काय मागतास? डोळे एका जाग्यार ऱ्हवले म्हणानच मी गेल्या वेळेक नापास झालंय!"

मला हाताला धरून आत नेलं. खिडकीखाली, आतल्या बाजूने, भिंतीवर भलामोठा कागद चिकटवलेला. त्यावर वैमानिकासमोरचे सगळे माहितीचे पडदे, काटे, बटणं. मधला पडदा बघायचा, मग बाजूचा, परत मधला, अधूनमधून काचेबाहेर. नजर एकाच ठिकाणी अडकली की बाकीचं निसटतं, म्हणाली.

"आणि माका ओळख दाखवूक नाय ती?"

"तुमका बघलंय ओ. ढग म्हणान सोडून दिलंय."

तीन दिवसांत पोर पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "तुमी माझेच डोळे बघीत ऱ्हवल्यात. मी काय बघतंय, ता एकदा तरी बघल्यात?"

मी मान वळवून कागद बघू लागलो. गावकरांनी मात्र तिथल्या तिथे मागणी बदलली. "चुकला आसात तर माफ कर म्हाराजा. चेडवाचे डोळे फिरते ठेव, आणि ह्या काकाचेय जरा फिरव!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी मोठा आवाज बायकोचा.

चित्रा पास झाली. फोनवर मी रडलोच.

परवा तिचं विमान आमच्या गावावरून जाणार होतं. तासभर मी खळ्यात आभाळाला डोळे लावून उभा. विमान दिसलं हो, अगदी ठिपक्याएवढं. आनंदाने मागे वळलो, तर शेजाऱ्याची गाय माझं वाळत घातलेलं भात संपवून शांतपणे रवंथ करत होती.