पिवळ्या जॅकेटातली माणसं

अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगपासून बर दुबईच्या जुन्या वस्तीपर्यंत रमतगमत चालत गेलं तरी वीस मिनिटं लागतात. सायकलने सात. पण माझा नवरा दर रविवारी सकाळी सायकली गाडीच्या मागच्या स्टँडवर चढवतो, पट्टे आवळतो, सोडतो, पुन्हा आवळतो, मग तेवढंसं अंतर गाडीने जातो, पार्किंगसाठी तीन चकरा मारतो आणि सायकली खाली उतरवतो. का, तर वाटेत ट्रॅफिक असतं. या खटाटोपात पाऊण तास जातो. मग जिथे एकही गाडी येत नाही अशा रस्त्यावर तो आणि त्याच्यासारखेच आणखी दहाबारा जण चाळीस मिनिटं सायकल चालवतात आणि उरलेला आठवडा त्याबद्दल बोलतात.

याला त्यांनी नाव दिलंय ‘हेरिटेज लूप’. जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून सायकल हातात धरून चालायचं, मग खाडीच्या काठाकाठाने तिच्या मुखाशी असलेल्या शिंदघ्यापर्यंत जाऊन परत यायचं. हेरिटेज म्हणजे नव्याने लिंपलेल्या मातकट भिंती, वारा घरात घेण्यासाठी बांधलेले चौकोनी मनोरे, आणि प्रत्येक मनोऱ्याखाली सायकल डोक्यावर उचलून काढलेला फोटो. मीना बझारात पाण्याच्या बाटल्या लादून, उलट्या दिशेने, गाड्यांना हूल देत जाणारा ग्रोसरीवाला आमच्या आधीपासून इथे सायकल चालवतोय. त्याचा फोटो काढावा असं यांतल्या कुणाला कधी वाटलं नाही.

नवरा या टोळीचा कॅप्टन. पोटावर ताणलेला झगमगीत शर्ट, त्यावर चमकणारं पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी. प्रत्येक वळणाआधी ती शिट्टी वाजते. बांधकामाच्या साइटवर याचं कुणी ऐकत नाही म्हणून हा रविवारी शिट्टी वाजवतो, असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. लोक हसले. तोही हसला, हे मला जास्त लागलं.

ही तुच्छता मी बाबांकडून घेतली. आम्ही चिपळूणचे. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांनी मला सायकल शिकवली ती थेट हायवेच्या कडेला. मागून ट्रक आला की मी घाबरून वळून बघायची. बाबा ओरडायचे, “मागे बघू नको, आवाज ऐक!” मैदानात सायकल शिकणाऱ्या मुलांकडे बघून ते नाक मुरडायचे. रिकाम्या रस्त्यावर काय, कुणीही चालवतं, म्हणायचे.

गेल्या वर्षी आई गेली. बाबांना मी इकडे घेऊन आले, पण ते राहायला तयार नव्हते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या घरात एकटे कसे राहणार, या काळजीने माझं जेवणावरही लक्ष नसायचं. मी विषय काढला की त्यांचं एकच उत्तर, “तिथे माझी सायकल आहे.” बाजार, बँक, पोस्ट, सगळं त्यांचं सायकलवर. इथे दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचे एसी मोजायचे.

म्हणून मी माझ्या तत्त्वांना मुरड घातली आणि त्यांना नवऱ्याच्या टोळीच्या हवाली केलं. इथे सायकल मिळाली तर राहतील, एवढाच हिशेब. नवऱ्याने हौसेने नवी सायकल आणली. “साडेतीन हजार दिरहम!” बाबा म्हणाले, “म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार रुपये! याच्यात इंजिन आहे का?” मला बरं वाटलं. आता रविवारी हे त्या सगळ्यांची पिसं काढणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

बाबा परत आले आणि म्हणाले, “छान रस्ता आहे. गाड्या नाहीत.”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पुढच्या रविवारी त्यांनी मुकाट्याने हेल्मेट घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला विचारलं, “माझं जॅकेट वाळलं का गं?” महिन्याभरात चिपळूणचं नाव निघेनासं झालं. एक दिवस त्यांनी शेजाऱ्यांना फोन करून तिथली सायकल ठेवून घ्यायला सांगितलं.

म्हणजे मी जिंकले होते. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी राग येत होता. माझे बाबा, हायवेवरचे बाबा, एका रांगेत, शिट्टीच्या तालावर, पाळणाघरातल्या मुलासारखे चालले होते. मी त्यांना बोलूनही दाखवलं, “बाबा, तुम्ही पार मऊ पडलात.” ते डोळ्यांत ड्रॉप्स घालत होते. “वय झालं,” एवढंच म्हणाले. इथे घरोघरी धुळीसाठी ड्रॉप्स असतात, त्यामुळे मी त्या बाटलीकडे निरखून पाहिलं नाही.

मग एका शनिवारी संध्याकाळी नवरा म्हणाला, “उद्या साइटवर काँक्रीट आहे, मला हलता येणार नाही. बाबांबरोबर तू जा. जॅकेट घाल, बाबांच्या पुढे राहा, आणि वळणाच्या आधी व्हिसल मार. प्लीज, विसरू नको.”

“मी काय हवालदार आहे?”

“आई, जस्ट वेअर इट,” आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

मी त्याचं जॅकेट आणि शिट्टी, दोन्ही खणात कोंबलं. सकाळी राखाडी कुडता घातला आणि बाबांना म्हटलं, घरापासूनच सायकलने जाऊ, सात मिनिटांचं काम. बाबा म्हणाले, “नको, गाडीनेच जाऊ.” मी हसले. अगदी मोठ्याने हसले, मला आठवतंय.

खाडीजवळ टोळी जमली होती. स्ट्रेचिंग चाललं होतं. स्ट्रेचिंग म्हणजे झाडाला टेकून आदल्या दिवशी कुठे जेवलो ते सांगणं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुझं जॅकेट?”

“घरी आहे.”

त्यांनी टोळीतल्या पिवळ्या जॅकेटांकडे मान वळवली. “मग मी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे जातो.”

“यल्ला, चला बाबा. माझ्या मागे या. सायकल मला तुम्हीच शिकवलीत ना?”

मी मुद्दाम जोरात निघाले. पाणी उजवीकडे होतं, अब्रा नावा ये-जा करत होत्या, फरसबंदी धुतल्यासारखी स्वच्छ. पुढे वाट वळली तशी मी वळले. मागून ब्रेकचा आवाज आला नाही. फक्त आपटल्याचा आला.

बाबा सरळ गेले होते. वळणावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर सायकल धडकून ते कुशीवर पडले होते. गुडघा सोलला होता, हँडल फिरलं होतं. टोळी धावत आली. प्रथमोपचाराची पेटी पहिल्यांदाच उघडायला मिळाल्याचा आनंद कुणालाही लपवता येत नव्हता. एका गुडघ्यासाठी सहा माणसं. मी त्यांना बाजूला सारलं आणि भीतीने बाबांवरच ओरडले, “एवढं मोठं बाकडं दिसलं नाही तुम्हाला?”

“नाही,” बाबा म्हणाले.

लोक पट्ट्या आवरून चहाकडे वळले तेव्हा त्याच बाकड्यावर बसून ते हळू आवाजात बोलले. डोळ्यांना कडेचं दिसत नाही. समोरचं मधलं तेवढं दिसतं, तेही अंधुक. पुढे पिवळं काही असलं की ते धरून जाता येतं. राखाडी रस्त्यावर माझा राखाडी कुडता केव्हाच विरघळून गेला होता. वळणं शिट्टीवरून कळायची.

“पण चिपळूणला तर तुम्ही...”

“तिथे दोन वर्षं नाही बसलो सायकलवर. हातात धरून बाजारात जायचो. पिशवी अडकवायला बरी पडते, असं लोकांना सांगायचो.”

जावयाला पहिल्याच रविवारी समजलं होतं. तोच डॉक्टरकडे घेऊन गेला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते ड्रॉप्सनी टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, हिला सांगायचं नाही.

“मला का नाही सांगितलंत?”

बाबांनी गुडघ्यावरची पट्टी उगाच दाबून पाहिली. “तू हसली असतीस.”

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण तासाभरापूर्वीच तर मी हसले होते.

त्यांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि एका झटक्यात हँडल सरळ केलं. हात अजून वर्कशॉपचे होते. मी टोळीकडे गेले आणि एक जॅकेट मागितलं. एकाने लगेच अंगातलं काढून दिलं, दोन माणसं मावतील असं, घामाने ओलं. तो नको तेवढं गोड हसला. मी ते घातलं. शिट्टी मात्र घरी खणात होती.

“बाबा, डावीकडे!” पुढच्या वळणाआधी मी ओरडले. खाडीवरचे कबुतरांचे फोटो काढणारे लोक दचकून बघू लागले.

“ऐकलं,” मागून उत्तर आलं.

वळून बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली. मी बघितलं नाही. त्यांच्या चाकाचा आवाज ऐकत हळूहळू पुढे जात राहिले.