कोणता तास काढू?

सोनकांबळे सरांनी कोणत्याही कामाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. शाळेची त्यांच्याविषयी तक्रार होती ती नेमकी हीच. नाही म्हणणाऱ्या माणसाला आडमुठा म्हणून मोकळं होता येतं. सर म्हणायचे, "हाव, करतो की," आणि शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून टेबलावर पसरायचे. ते त्यांचं वेळापत्रक असे. मग पेन पुढे करून विचारायचे, "यातला कोणता तास काढू? तेवढं लिहून सही करा."

मी शाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात हे पाहिलं. लातूरकडच्या मुरुडपासून दोन कोसांवरच्या गावातली आमची खाजगी संस्थेची शाळा. सर माझ्या वर्षभर आधी तिथे आले होते. जनावरांच्या मोजदादीसाठी शिक्षक द्यायचे होते आणि हेडमास्तरांनी सरांचं नाव घेतलं. कागद पसरला गेला. हेडमास्तरांना सही करायची हौस होती; त्यांच्या सहीला पतंगासारखी लांब शेपटी असे. त्यांनी आनंदाने लिहिलं : आठवी ब, तिसरा तास, इंग्रजी, रद्द. कारण, जनावरांची मोजदाद. सरांनी खळ लावून ती चिठ्ठी आठवी बच्या दारावर चिकटवली आणि गोठे मोजायला निघून गेले.

बाजाराच्या दिवशी एका मुलाचे वडील फी भरायला आले, त्यांनी दार वाचलं. हेडमास्तरांच्या खोलीत येऊन म्हणाले, "सर, म्हशी आमच्या पोराच्या आधी मोजायच्या का?"

हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजला. पुढच्या वेळी सही करू नये हे मात्र त्यांना सुचलं नाही. कागद समोर आला की त्यांचा हात आपोआप चाले. वर्षभरात वर्गांची दारं चिठ्ठ्यांनी भरली. त्या वाचूनच शाळेचा इतिहास कळला असता : लसीकरणाची मोहीम, ग्रामसफाई, अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न.

ही रीत सर परदेशातून घेऊन आले होते. घर भोकरकडचं. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा सर शाळेत होते. घरातले पहिले पदवीधर तेच. बहात्तरच्या दुष्काळानंतर इथिओपियात इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत अशी जाहिरात आली, आणि सर गेले. "हितला दुष्काळ सोडून तितल्या दुष्काळात गेलो," असं ते सांगायचे. डोंगरातली शाळा, वर्षावर्षाचा करार. परका माणूस, करार पुढे चालावा म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. फुटबॉलचं पंच होणं, ग्रंथालय लावणं, डायरेक्टरची, म्हणजे तिथल्या हेडमास्तरची, इंग्रजी पत्रं टाइप करणं, संध्याकाळी प्रौढांचा वर्ग. वर्षअखेरीला त्याच डायरेक्टरने अहवालात लिहिलं की हे गृहस्थ तासाला नीट येत नाहीत.

"खोटं न्हाई लिहिलं त्यानं," सर म्हणायचे. "मी कुठं जातो ते त्यालाच ठाऊक होतं, पण कागदाला ठाऊक नव्हतं. काम वाईट नसतं, कदम सर. पण ते कुणाच्या तरी ताटातलं काढून वाढलेलं असतं. कुणाच्या, तेवढं लिहून द्या म्हणतो मी."

दुसऱ्या वर्षी तिथे वेळापत्रक पसरायला सुरुवात केली आणि करार आणखी तीन वेळा वाढला, असं ते सांगत. मी ते पडताळून पाहू शकत नाही. पण सर स्वतःविषयी वाढवून बोलत नसत, आणि शिक्षकांत हा गुण दुर्मिळ आहे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडे कामांना पूर आला. पाण्याला मात्र नाही. पाऊस लागोपाठ दोन वर्षं हुलकावणी देऊन गेला होता. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या; आड जुनेच आणि तेही तळाला गेलेले. प्रत्येक नव्या कार्यालयाला उद्घाटन लागे, उद्घाटनाला पाहुणा, पाहुण्याला कमान, आणि कमानीखाली उभी करायला मुलं. ती शाळेत आयती जमलेली असत.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब या सगळ्यात रमले. बागायत, जीपगाडी, दोन टँकर, आणि गावाला पाणी पुरवायचं कंत्राट. मला ते 'कदम सर' म्हणत. सरांना 'सोनकांबळे' म्हणत. फार खुशीत असले तर 'मास्तर'. सरांनी याविषयी कधी शब्द काढला नाही. मी काढायला हवा होता, पण मला 'सर' म्हटलं जात होतं.

नवे कलेक्टर दक्षिणेकडचे आहेत असं कळल्यावर आबासाहेबांनी इंग्रजी मानपत्राचा हुकूम सोडला. सरांनी कागद पसरला, हेडमास्तरांनी दहावीचे तीन तास काढले, मानपत्र तयार झालं. ते कलेक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि स्वच्छ मराठीत उत्तर दिलं. दहावीच्या दारावर चिठ्ठी राहिली.

दहावी हा सरांचा जीव होता. आधीच्या वर्षी दहावीत इंग्रजीत पास झालेली मुलं एका बाकावर बसली असती. त्यातही मुलींचे हाल वेगळे. सकाळी टँकर येईल या आशेने घागरी घेऊन रांगेत त्याच उभ्या असत. पहिला तास इंग्रजीचा. निम्मा वर्ग रिकामा. सर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमचा इतिहास शेवटी असतो. बदलता का? लढाया होऊन गेल्यात, पोरी उशिरा आल्या तरी बिघडत न्हाई." मी बदलला. तेवढं एक त्यांनी माझ्याकडे मागितलं आणि मी दिलं.

डिसेंबरअखेरीस हेडमास्तर निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेनुसार पाळी सोनकांबळे सरांची होती आणि त्यांच्यामागे माझी. आबासाहेबांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. ओसरीवर चहा आला.

"सोनकांबळे, हेडमास्तरकी लई डोकेदुखीची हाय," आबासाहेब म्हणाले. "तुमची तब्येत नाजूक."

"तब्येत ठीक हाय माझी."

"ते दारावर कागद डकवणं बघून शिक्षणाधिकारी काय म्हणले ठाऊक हाय का? शाळा हाय का चावडी, असं म्हणले."

"सही माझी न्हाई त्यावर."

आबासाहेब हसले. मग सरळ बोलले. सरांनी हेडमास्तरकी नको असं लिहून द्यावं. न दिलं तर गोपनीय अहवाल आहेतच, ते वाईट लिहिता येतात, आणि मग प्रकरण लातूरला चार वर्षं फिरेल. तोवर शाळा कोण चालवणार?

सरांनी चहा संपवला. मला वाटलं होतं, आता ते नियम सांगतील. त्यांना सगळे पाठ होते. ते म्हणाले, "लिहून देतो. पण परीक्षेपर्यंत दहावीला हात लावायचा न्हाई. उद्घाटन न्हाई, सत्कार न्हाई, काही न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच."

"दिला शब्द," आबासाहेब म्हणाले. "कदम सर, मजमून करा."

मजमून मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. वाटेत मी सरांना म्हणालो की त्यांनी फार घाई केली. ते म्हणाले, "हेडमास्तरला तास किती असतात? चार. आणि दिवसभर सह्या. मला मुलं वाचवायची होती, खुर्ची मिळाली असती तर ती सांभाळत बसलो असतो." त्यांच्या आवाजात त्यागबिग काही नव्हतं. बैलबाजारात एखादा माणूस आपला सौदा समजावून सांगतो तसं ते सांगत होते.

जानेवारीत मी हेडमास्तर झालो. सात आठवडे दहावीला कुणी हात लावला नाही. सर सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेत. पत्रलेखनावर त्यांचा भर असे, कारण पत्राचे गुण हमखास मिळतात; मायना आणि शेवट पाठ असला तरी निम्मं काम होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मंत्री पाझर तलावाच्या भूमिपूजनाला येणार असं ठरलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अख्खी शाळा उभी करा, असा आबासाहेबांचा निरोप आला. मी विचारलं, "दहावी पण?"

"दहावीची पोरं उंच असतात. रांगेत बरी दिसतात."

मी सरांकडे गेलो. ते फळ्यावर लिहीत होते.

"आबासाहेबांचा शब्द होता," ते म्हणाले.

"मंत्री काही रोज येत नाहीत, सर."

"परीक्षा तरी कुठं रोज येते?" त्यांनी हात झटकले, खिशातला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा. कोणता काढू?"

मी त्या दिवशीचे सगळे काढले. सही केली. माझ्या सहीला शेपटी नाही, एवढाच फरक.

मंत्री अकराला येणार होते, म्हणजे दोनला येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बारापर्यंत लहान मुलं उन्हाने कावली. दहावीची रांग बाभळींच्या सावलीला सरकली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर सगळी खाली बसलेली, कागदी झेंडे मातीत रोवलेले, आणि सर पुस्तक हातात घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला जाताहेत. तास काढायची सही माझी होती. रस्त्यावर तास घेऊ नये असं मी कुठे लिहिलं नव्हतं. त्यांनी मागच्या परीक्षेतला एक प्रश्न दिला होता : तुमच्या गावातील पाणीटंचाईबद्दल तक्रार करणारं पत्र अधिकाऱ्यांना लिहा. मुलांना सुचायला वेळ लागत नव्हता.

गाड्यांचा धुरळा दिसला तशी आबासाहेबांनी हाकाटी केली. मुलं धडपडून उठली. झेंडे राहिले मातीत, वह्या राहिल्या हातात. मंत्र्यांची गाडी त्या रांगेपाशी आली आणि थांबली. दुष्काळाचं वर्ष, रस्त्याकडेला कागद धरून उभा असलेला माणूस म्हणजे निवेदन, हे मंत्र्यांना सवयीने ठाऊक. ते खाली उतरले, शांता नावाच्या मुलीच्या हातातली वही घेतली आणि वाचू लागले.

"टँकर दिवसाआड येतो?" त्यांनी मराठीत विचारलं.

शांता बावरली. मग म्हणाली, "दोन दिवसाआड येतो. पण तेवढं इंग्रजी मला जमलं न्हाई."

मंत्र्यांनी ते पान फाडून सोबतच्या अधिकाऱ्याकडे दिलं. "चौकशी करा. मुलांनासुद्धा निवेदन द्यावं लागतंय." आणि गाडी पुढे गेली. आबासाहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो.

आठवड्यात चौकशी झाली. टँकर रोजचा ठरला होता असं कागदावर निघालं. तो रोज येऊ लागला, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाचा येऊ लागला. मुली पहिल्या तासाला दिसू लागल्या. आता पहिला तास इतिहासाचा होता.

मग मला आबासाहेबांकडून हुकूम आला : सोनकांबळे यांनी विद्यार्थ्यांना चिथावणी दिली, खुलासा मागवा. मी मागवला. सरांचा खुलासा एका ओळीचा होता. "पत्रलेखन अभ्यासक्रमात आहे." आबासाहेब म्हणाले, गोपनीय अहवालात येऊ द्या. एप्रिलमध्ये मी अहवाल लिहायला बसलो. 'जादा कामातील सहकार्य' या रकान्यापुढे 'असमाधानकारक' असं लिहिलं. त्याआधी 'साधारण' लिहून पाहिलं होतं, कच्च्या कागदावर. तेवढंही धाडस पक्क्या कागदावर झालं नाही.

प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवून पोच घ्यावी लागते. सरांनी तो माझ्यासमोर वाचला, पोच दिली, आणि विचारलं, "निकाल कधी हाय म्हणता?"

निकाल जूनमध्ये लागला. दहावीतली निम्म्याहून जास्त मुलं इंग्रजीत पास झाली. शांताला पत्राचे पूर्ण गुण पडले असावेत असं सरांचं मत होतं. त्याला पुरावा नाही. आबासाहेबांनी सत्कार ठेवला आणि त्यात मला फेटा बांधला. सर त्या वेळी नायगावच्या शाळेत मुलाखतीला गेले होते.

जुलैत ते नायगावला गेले. लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीपाशी मला दिसले. एक ट्रंक, एक वळकटी. मला लातुरात हेडमास्तरांची मीटिंग होती. मी निरोप द्यायला आलो असं त्यांना वाटू नये म्हणून मी ते सांगून टाकलं.

"माझं चुकलं, सर," मी म्हणालो. "त्या शेऱ्याचं."

"तुम्ही वाईट माणूस न्हाईत, कदम सर," ते म्हणाले. ट्रंक वर चढवत होते, त्यामुळे माझ्याकडे पाहत नव्हते. "आबासाहेब तरी काय, लांबून दिसणारा, टाळता येण्यासारखा माणूस हाय. तुमचं अवघड हाय. तुम्ही गोड बोलून घेऊन जाता, अन् आपलं काय गेलं ते कळत न्हाई."

कंडक्टरने बेल दिली. त्यांनी खिडकीतून हात केला; मीही केला. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी उभा राहिलो, मग घाईने निघालो, कारण उशीर झाला होता.

त्या मीटिंगचा विषय आता मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दिवशी चौथ्या तासाला मला सातवीला इतिहास शिकवायचा होता, आणि तो तास मी काढला आहे हे वर्गाला सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं, मुलं घंटा होईपर्यंत पुस्तकं उघडून बसली होती.